चार नोकऱ्या, तीन डिपॉझिटं आणि खात्यात ऐंशी हजार

प्रश्न : ताई नमस्कार. तुमचं सदर आमच्याकडे आधी सासूबाई वाचतात आणि मग अंक माझ्याकडे येतो, त्यामुळे नाव छापू नका प्लीज. आमचं लग्न डिसेंबर २०२२ मध्ये झालं. तेव्हा दोघंही नाशिकला, नवऱ्याच्या हातात ४२ हजार यायचे, मी एका फर्ममध्ये अकाउंट्सला होते, २४ हजार. सासरीच राहायचो म्हणून भाडं नव्हतं. मग २०२३ ला नवऱ्याला पुण्यात ५८ हजारांची नोकरी लागली, मलाही तीन महिन्यांत ३० हजारांची मिळाली, वाकडला १९ हजारांनी वन बीएचके घेतला, छान चाललं होतं. वर्ष होतंय तोच बंगळुरूची ऑफर आली ८८ हजारांची, एप्रिल २०२४ मध्ये गेलो. माझी नोकरी सुटली, सात महिने घरीच होते, मग घरून करायचं काम मिळालं २६ हजारांचं. तिथे भाडं २८ हजार, मालक दहा महिन्यांचं डिपॉझिट मागत होते ते कसंबसं सहा महिन्यांवर आणलं तरी १ लाख ६८ हजार झाले, त्यासाठी दोन लाखांचं पर्सनल लोन काढलं, १४ टक्के, दोन वर्षं, हप्ता ९,६००. घर फर्निश्ड होतं म्हणून पुण्याचं फ्रिज, वॉशिंग मशीन, बेड सगळं ४० हजारांत विकून टाकलं. बरोबर १४ महिन्यांनी, जून २०२५ ला, परत पुण्याला आलो, आता नवऱ्याचा पगार ९६ हजार, माझं काम चालूच आहे, भाडं २४ हजार. येताना तिथल्या मालकांनी पेंटिंगचे म्हणून २८ हजार कापले. दोन नोकऱ्यांच्या मधे १९ दिवस मोकळे होते, नेमका तेव्हाच नवऱ्याला डेंग्यू झाला, ६२ हजारांचं बिल आमच्या खिशातून गेलं. इथे परत सगळं सामान घेतलं १ लाख १० हजारांचं. डिसेंबरात दिराचं लग्न झालं, त्यात आम्ही दोन लाख घातले, आणि सासरी दरमहा आठ हजार पाठवतो, ह्या दोन्हीबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण ताई, पगार दुपटीच्या वर गेला आणि खात्यात ऐंशी हजार आहेत फक्त. नवरा म्हणतो तुला हिशोब जमत नाही, आणि मी अकाउंट्सची मुलगी! बंगळुरूला घरी होते तेव्हा भाजीसुद्धा विचारून आणायचे, ती सवय अजून गेलेली नाही. आता त्याला हैदराबादची १ लाख २५ हजारांची ऑफर आलीये, महिन्याभरात सांगायचंय. माझे नाशिक-पुण्याचे पीएफचे ६१ हजार पडून आहेत, ते काढून लोन मिटवू का असंही डोक्यात आहे. काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुला हिशोब उत्तम जमतो गं, इतक्या आकड्यांसकट पत्र मला फार कमी जणांकडून येतं. फक्त एक हिशोब तुम्ही दोघांनी मिळून कधी मांडला नाही, तो मी तुझ्याच आकड्यांवरून मांडलाय, पेन घेऊन बस आणि नवऱ्यालाही बसव.

पुण्यात तुमच्या घरात ५८ आणि ३० असे ८८ हजार येत होते. बंगळुरूला गेल्यावर नवऱ्याचे ८८ आणि तुझे शून्य. म्हणजे पहिले सात महिने घरात येणारा पैसा एक रुपयाही वाढला नव्हता, ऑफर लेटरवर ३० हजारांची वाढ दिसत होती ती तुझ्या पगारातून वळती झालेली होती. हे वाक्य नवऱ्याला दोनदा वाचून दाखव. तुझी नोकरी सुटली हा त्या बदलीचा खर्च होता, दोघांनी मिळून केलेला, आणि त्याची भरपाई तू भाजी विचारून आणून करत बसलीस ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढचे सात महिने तुझे २६ हजार सुरू झाले, म्हणजे पुण्यापेक्षा एकूण १ लाख ८२ हजार जास्त आले. पण भाडं महिन्याला नऊ हजारांनी जास्त होतं, १४ महिन्यांचे झाले १ लाख २६ हजार. उरले ५६ हजार. आता जे पैसे गेले ते गेलेच त्यांची बेरीज बघ. पॅकर्सचा आकडा तू लिहिलेला नाहीस, मी जाऊन-येऊन ३४ हजार धरते, बंगळुरूचं ब्रोकरेज एक महिन्याचं २८, येताना पुण्याचं २४, वाकडचं घर सोडताना नोटीसच्या महिन्याचं भाडं १९, पेंटिंगचे २८, लोनचं पूर्ण मुदतीचं व्याज ३० हजारांच्या थोडं वर, आणि ४० ला विकून १ लाख १० ला परत घेतलेल्या सामानाचे ७०. झाले २ लाख ३३ हजार. १४ महिन्यांवर पसरले तर महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर. थोडक्यात बंगळुरू तुम्हाला पावणेदोन लाखांना पडलं, आणि ह्यात डेंग्यूचं बिल मी धरलेलंच नाहीये.

म्हणजे जायला नको होतं का? असं मला म्हणायचं नाही. तिथला अनुभव होता म्हणूनच पुण्यात ९६ हजार मिळाले असणार, आणि घरून करायचं काम तुला मिळालं तेही तिथेच. पण पगार वाढला तरी पैसा का दिसत नाही ह्याचं उत्तर हे आहे. तुमच्या खर्चात उधळपट्टी मला कुठे सापडली नाही. परत आलेल्या १ लाख ४० हजारांच्या डिपॉझिटमधून ६२ दवाखान्यात गेले आणि ७५ पुण्याच्या डिपॉझिटला गेले असणार, बरोबर ना? मग ते ७५ हजार तुमचेच आहेत, मालकाकडे ठेवलेले आहेत एवढंच. वहीत एक वेगळं पान कर, वर लिही "अडकलेले पैसे", आणि त्यात घराचं डिपॉझिट, गॅसचं डिपॉझिट, जुन्या कंपनीकडून यायचं फुल अँड फायनल (नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब), पीएफ असं सगळं तारखेसकट लिही. सारखी घरं बदलणाऱ्या माणसांचे पैसे निम्मे खात्यात आणि निम्मे लोकांकडे असतात, आणि आपण फक्त खातं बघून घाबरतो.

आता पीएफ. हात लावू नकोस. लोन एप्रिल २०२४ पासून चालू आहे म्हणजे मार्चमध्ये संपतंय, दोन हप्ते राहिलेत, त्यासाठी सव्वाआठ टक्के व्याज देणारे पैसे (२०२४-२५ चा दर ८.२५ होता) कशाला मोडायचे? शिवाय एकूण नोकरी पाच वर्षांच्या आत असताना पीएफ काढला तर त्यावर टॅक्स लागतो, आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस (हातात पैसे येण्याआधीच कापलेला टॅक्स) कापतात. तेच पैसे आताच्या कंपनीच्या पीएफ खात्यात ट्रान्सफर केलेस तर जुन्या नोकऱ्यांचा काळही त्या पाच वर्षांत धरला जातो, आणि पेन्शनसाठी जी दहा वर्षांची नोकरी लागते त्यातही. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असेल तर ट्रान्सफर ऑनलाइन होतं. पण एक गोष्ट आधी तपास, कारण आपल्याकडच्या मुलींचं काम इथेच अडतं : लग्नानंतर आधारवर नाव बदललंस का? यूएएनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच काहीतरी, असं असेल तर क्लेम परत येतो. आधी जॉइंट डिक्लेरेशन (पीएफमधली माहिती दुरुस्त करायचा अर्ज) भरून नाव, जन्मतारीख जुळवून घे. आणि दोन्ही जुन्या कंपन्यांनी नोकरी सोडल्याची तारीख टाकलीये का ते बघ, टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटून गेल्यावर तुझी तूही टाकू शकतेस. हे एका रविवारचं काम आहे, पण करच.

त्या १९ दिवसांबद्दल. कंपनीचा मेडिकल इन्शुरन्स साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, हे ऑफर घेताना कुणाच्या लक्षातच येत नाही. तुम्ही दोघं तिशीच्या आसपासचे आहात, कंपनीचा असला तरी स्वतःचा एक फॅमिली फ्लोटर (घरातल्या सगळ्यांना मिळून एकच आरोग्य विमा) आता घेऊन टाका. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून नोकरी सोडायच्या आठवड्यात घेऊन उपयोग नसतो, आधीच घ्यायचा. मूल हवं असेल तर मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड किती ते विचारून घे, तो बऱ्याच पॉलिसींत मोठा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, तेवढा हप्ता हलका झालाय.

मार्चनंतर ते ९,६०० मोकळे होतील. एप्रिलच्या पगारापासून तेवढ्याच रकमेची, त्याच तारखेला, आरडी सुरू कर, हप्ता संपलाच नाही असं समजून. वर्षाला १ लाख १५ हजार होतात. हा तुमचा घर बदलायचा पैसा, त्याला दिराचं लग्न, फोन, ट्रिप कशालाही हात लावायचा नाही. पुढचं डिपॉझिट ह्याच्यातून गेलं पाहिजे, १४ टक्क्यांच्या लोनमधून नाही.

आता हैदराबाद. ह्या वेळी एक मोठा फरक आहे : तुझं काम तुझ्यासोबत येणारे. पण ते गृहीत धरू नकोस, दुसऱ्या राज्यातून काम केलेलं चालेल का हे तुझ्या कंपनीला ईमेलवर विचार आणि उत्तर ईमेलवरच घे. ते चालणार असेल तर घरात खरोखर २९ हजार वाढतात. मग भाड्यातला फरक वजा कर, परत न मिळणारे सगळे खर्च (पॅकर्स, दोन्हीकडचं ब्रोकरेज, नोटीसचं भाडं, सामानाचं नुकसान) एका कागदावर लिही आणि त्या बेरजेला महिन्याच्या वाढीने भाग. समज परत न मिळणारे दीड लाख निघाले आणि भाडं पाच हजारांनी जास्त आहे, तर दीड लाख भागिले २४ हजार, सव्वासहा महिने. म्हणजे पहिले सहा महिने तुम्ही फक्त गेल्याचा खर्च फेडणार, कमाई सातव्या महिन्यापासून. तिथे दोन-तीन वर्षं राहायचं असेल तर जमतं, पुन्हा चौदा महिन्यांत उठायचं असेल तर नाही. सामान ह्या वेळी विकू नका.

नवऱ्याने एचआरशी बोलताना दोन गोष्टी मागाव्यात, रिलोकेशनचे पैसे आणि पहिले १५ दिवस राहायची सोय. बऱ्याच कंपन्या मागितल्यावर देतात, न मागता क्वचित. जॉइनिंग बोनस देत असतील तर वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागेल का ते वाचा, बहुतेक वेळा द्यावा लागतो, आणि तो पूर्ण वर्ष होईपर्यंत खर्च करू नका. आत्ताच्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल आणि नवी कंपनी बायआउट (नोटीसचे दिवस न भरल्याचे पैसे) भरणार असेल तर ते कुणाच्या पगारातून कसं कापलं जाणार हेही लेखी घ्या.

भाजीबद्दल मला जास्त बोलायचंय खरं तर. माझी बँकेतली नोकरी बदलीची होती, मुलगी आठ महिन्यांची असताना अकोल्याहून सांगलीला गेले, तेव्हा ह्यांनी स्वतःची नोकरी सोडली आणि चार महिने ते घरी होते. पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले की दाढीचं सामान आणायला तुझ्याकडे पैसे मागायला कसंतरी होतं. त्या दिवसापासून आम्ही पगार आला की दोघांच्या नावाने सारखी रक्कम बाजूला काढायला लागलो, कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि ते आजपर्यंत चालू आहे. तुम्हीही तसंच करा. दोघांचे पगार एका जॉइंट खात्यात, त्यातून भाडं, किराणा, सासरचे आठ हजार, आरडी, आणि मग दोघांना सारखा हातखर्च, पाच म्हणा, सात म्हणा. पगार कुणाचा किती ह्याचा हातखर्चाशी संबंध नाही. आणि परत कधी तुझं काम थांबलं तर त्या महिन्यांत तुझ्या नावावर थोडे पैसे गेलेच पाहिजेत, पीपीएफमध्ये का होईना, वर्षाला ५०० रुपयांपासून चालतं, कारण तुझा पगार थांबतो तेव्हा तुझा पीएफही थांबतो आणि हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

एक विचारते. तुझ्या पत्रात ऑफर आहे, पगार आहे, लोन आहे, पण तुला हैदराबादला जायचंय का हे कुठेच नाही. आकडे जमले तरी ते आधी सांग त्याला.

प्रश्न : मी ठाण्याला राहतो, वय ३१. ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी बदलली. आधीच्या ठिकाणी महिन्याला ९० हजार होते, आता १ लाख ४० हजार (ग्रॉस, म्हणजे काही कापण्याआधीचा पगार सांगतोय; टॅक्स न्यू रिजीमने, म्हणजे नव्या करपद्धतीने). जुन्या कंपनीने टॅक्स कापला नाही आणि नवीनही कापत नाहीये, मला वाटलं १२ लाखांपर्यंत माफ आहे म्हणून असेल. बायको म्हणते काहीतरी चुकतंय, ताईंना विचार. तिचं बरोबर आहे का?
— वाचक, ठाणे

उत्तर : बायकोचं बरोबर आहे, आणि तिने वेळेत विचारायला लावलं हे फार बरं झालं, कारण अजून फेब्रुवारी आहे.

जुन्या कंपनीने धरलं वर्षाचे १० लाख ८० हजार, म्हणजे टॅक्स शून्य. नव्या कंपनीला तुमचं आधीचं उत्पन्न माहीतच नाही, तिने धरले फक्त सहा महिन्यांचे ८ लाख ४० हजार, परत शून्य. पण तुमचं वर्षाचं उत्पन्न ५ लाख ४० अधिक ८ लाख ४०, एकूण १३ लाख ८० हजार. ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट) एकदाच मिळतं, ते वजा करून १३ लाख ५ हजार, म्हणजे १२ लाखांच्या वर, माफी गेली. मग ४ ते ८ लाखांवर पाच टक्क्यांनी २० हजार, ८ ते १२ वर दहा टक्क्यांनी ४० हजार, वरच्या १ लाख ५ हजारांवर पंधरा टक्क्यांनी १५,७५०. झाले ७५,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ७८,७८० रुपये. जुलैमध्ये रिटर्न भरताना हे एकदम समोर आलं असतं आणि वर व्याज.

आजच नव्या कंपनीच्या पेरोलला फॉर्म १२बी (आधीच्या नोकरीचं उत्पन्न कळवायचा फॉर्म) द्या, जुन्या कंपनीच्या शेवटच्या सॅलरी स्लिप जोडा. मग ते फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून कापतील, दोन महिने महिन्याला साधारण ३९ हजार कमी येतील, त्याची तयारी ठेवा, ईएमआयच्या तारखा बघून ठेवा. पेरोलने आता उशीर झाला म्हटलं तर १५ मार्चच्या आत स्वतः अॅडव्हान्स टॅक्स भरा, थोडं व्याज लागेल पण पुढचं वाचेल. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घेतल्याशिवाय रिटर्न भरू नका.

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरहून पुण्याला आलोय, नवीनच लग्न झालंय. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार. एजंट अॅग्रीमेंटचे सहा हजार मागतोय, आणि मालक म्हणतात रजिस्टर कशाला करता, नोटरी करू, स्वस्तात होईल. करावं का?
— वाचक, मूळ कोल्हापूर

उत्तर : नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा हा नेहमीचा करार) लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. बँकेत पत्ता बदलायला, गॅस घ्यायला हाच कागद लागतो. खर्चाचं म्हणाल तर ११ महिन्यांचं भाडं २ लाख ६४ हजार, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, त्यावर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, ती सातशे रुपयांच्या आतच येते. शहरात रजिस्ट्रेशन फी एक हजार. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास, बाकी एजंटचे. घरी येऊन बायोमेट्रिक घेणाऱ्याला थोडे जास्त द्यावे लागतात ते ठीक आहे, पण सहा हजार जास्त आहेत, अर्धा खर्च मालकांनी द्यावा असं नीट बोलून बघा.

वरचं पुण्याचं पत्र वाचलंत ना, मग करारात पेंटिंगचं वाक्य शोधा. सोडताना किती कापणार हे आत्ता आकड्यात लिहून घ्या, किंवा नेहमीच्या वापराने झालेल्या डागांसाठी कापणार नाही असं. चावी घेतल्या दिवशी सामान लावायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, नळ, गीझर, ओल आलेल्या भिंती सगळं, आणि तो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या. कोल्हापूरचा गॅस तसाच ठेवून आला असाल तर पुढच्या फेरीला सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, तिथलं डिपॉझिट परत मिळेल आणि इथे त्याच कागदावर कनेक्शन घेता येईल.